चुकीच्या रंगाचा उंट

सैनशंदच्या शाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली
सदतीस पट मांडलेले.
बाहेर उणे एकतीस. आत ओल्या पायमोज्यांचा,
कोळशाचा, खारट चहाचा वास.
मी पंच. चौदा वर्षं हेच काम:
घड्याळं बघायची आणि गप्प राहायचं.

सगळी पोरं उठून गेली,
नवव्या पटावर दोघंच उरली.
त्सोल्मोन, अकरा वर्षांची, घरी खरे उंट राखणारी,
ओठ चावून चावून सोललेले.
समोर इदेर. दाताला तार, अंगात थोरल्या भावाचा कोट,
बाहीत अर्धी बोटं बुडालेली.

तिचं एक प्यादं, अगदी कडेच्या रांगेतलं,
आणि एक उंट. त्याच्याकडे नुसता राजा.
आमच्याकडे प्याद्याला पोर म्हणतात.
पोर चालत चालत टोकाला पोचलं की मोठं होतं,
एवढंच इदेरला ठाऊक.

पण कोपरा पांढरा होता
आणि उंट जन्मभर काळ्या घरांतून चालणारा.
राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला असता
तर त्याला तिथून कुणाचा बाप उठवू शकला नसता.
दोन घरं. फक्त दोन.
अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.
गार चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

त्सोल्मोनला ठाऊक होतं.
तिची नजर कोपऱ्यापर्यंत गेली
आणि भाजल्यासारखी परत आली.
इदेरनं नेमकं तेवढंच पाहिलं नाही.
त्यानं राजा आडवा केला, हळूच,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसा,
आणि बाहीतून हात बाहेर काढला.

ती त्या हाताकडे बघत राहिली.
किती वेळ, ते घड्याळाला विचारा, मला नको.
मग तिनं हात मिळवला.
मी निकाल लिहिला. पेनातली शाई आखडलेली,
आकडा दोनदा गिरवावा लागला.

संध्याकाळी बसच्या काचेवर आतून हिमाचा थर.
कुणीतरी नखानं चौकटी खरवडत होतं,
चौसष्ट नाहीत, कोपऱ्याजवळच्या चारपाच.
मग दुसरं एक बोट, बाहीतून अर्धंच बाहेर आलेलं,
एका घरावर टेकलं. थांबलं.
पुढच्या घरावर गेलं.

बस हलली तेव्हा आतून एक शिवी ऐकू आली
आणि पाठोपाठ हसणं.
एकाचं की दोघांचं,
इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.