वीस किलो

शकीला, बॅग आधी शेडमधल्या काट्यावर ठेव.
विमानतळावरचा काटा ओळखीचा नसतो.
वीस किलो म्हणजे आपला पंधराचा एक बॉक्स
आणि वर पाचची पिशवी.
उचलून बघ, हाताला आपोआप कळेल.

नावाचं मात्र आजच बघून घे.
मी आधारवर आक्काताई, रेशनकार्डावर अक्काबाई,
बँकेत नुसतीच ए. डी. खरमाटे.
तिघींना मिळून एक पासपोर्ट द्यायला
साहेब तयार नव्हता.
वकिलाकडून कागद केला, पेपरात जाहिरात दिली,
तेव्हा कुठं आम्ही तिघी एक झालो.

फोटोत हसायचं नाही.
स्टुडिओतलं पोरगं म्हणालं, काकू, तोंड मिटा.
ऐंशी रुपयांत आठ फोटो,
आठातल्या एकातही मी नाही.

आणि बोटं.
सव्वीस हंगाम काड्या निवडून
माझ्या बोटांवरच्या रेघा कधीच गेल्या होत्या.
काचेवर ठेवली तर मशीन लाल.
पुसली, ठेवली, लाल.
मागं रांगेतला एकजण म्हणाला,
बाईला बोटं हायत का बघा.
तर तू आठ दिवस आधी काम सोड,
रात्री खोबरेल चोळून झोप,
आणि त्या आठ दिवसांची मजुरी खर्चात धर.
टूरवाल्याच्या यादीत ती नसते.

हवालदार चौकशीला येतो. शेजारणीला आधी सांगून ठेव.
माझी शेजारीण घाबरून म्हणाली,
ह्या बाईला मी ओळखत न्हाई.
वीस वर्षं विरजण माझ्याकडून नेते.

आमच्या भिशीत अकराजणी,
त्यातल्या नऊ जणींचा जन्म एक जूनचा.
तिकडच्या खिडकीतल्या पोरीनं
एक पासपोर्ट बघितला, दुसरा बघितला,
पाचव्याला उठून तिनं शेजारच्याला बोलावलं.
आमचा गाईड तिला समजावून दमला.
तुला विचारलं तर सरळ सांग,
आमच्याकडं शाळा जूनमध्ये भरते
आणि मास्तरांना घाई असते.

पासपोर्टच्या झेरॉक्स तीन.
एक कमरेच्या पिशवीत, एक बॅगेत,
एक घरी ज्वारीच्या डब्यात, आणि डबा कुठला ते
जावेला नको, लेकीला सांग.
गोळ्या हाताशी, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.
शेंगदाण्याची चटणी खाली मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून.
विम्यात काटकसर करू नको.
होडीतून उतरताना मालूचा पाय मुरगळला
आणि दवाखान्याचं बिल बघून
दुखायचंच थांबलं.

व्हिएतनामची नोट लाखाची असते, घाबरू नको.
पाण्याच्या बाटलीला दहा हजार दिले
तेव्हा गजराबाई रस्त्यातच खाली बसली.
अंगठ्यानं शेवटची तीन शून्यं झाक,
उरलं त्याची तिप्पट कर,
आले तेवढे आपले रुपये.
मीच काढली ही युक्ती. गाईड आता सगळ्यांना तीच सांगतो.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही.
दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाश्त्याला
एका वाडग्यात बेदाणे होते.
काळपट, बारीक, आपल्यात तिसऱ्या नंबरचा माल.
आम्ही चहा घेतला, बसलो, बोलत होतो,
आणि बघते तर अकराजणींच्या पुढं
तीन-तीन ढीग:
चांगला, डागी, काड्या.
वाढणारी पोरगी ताट घ्यायला आली ती थांबलीच.
मी एक बेदाणा उचलून तिला देठ दाखवला.
तिनं माझं बोट धरलं,
उलटं करून बघितलं,
मग स्वतःचं दाखवलं. तसंच होतं.
काय निवडून झालं असेल, विचारता आलं नाही.
भाषेचं तेवढं काही करता येत नाही, शकीला,
कितीही आधीपासून तयारी कर.

तर नाश्त्याला लवकर उतर.
बस बरोबर साडेसातला सुटते,
ढीग अर्धा असो, पुरा असो.