मानशीचं दार

सांतइनेजला, जिना चढून वरच्या वर्गात
एर्मेलिंदा टीचरनी फळ्यावर लिहिलं: आंगस्ट.
आम्ही अकरा नर्स, कुणी डिचोलीची, कुणी काणकोणची.
सगळ्यांनी वहीत उतरवलं, भीती.

"थांबा. भीती नंतरची," त्या म्हणाल्या,
आणि दोन्ही पंजे समोरासमोर आणून
मध्ये बोटभर फट ठेवली.
"एंग. अरुंद. शब्द इथून निघालाय.
लॅटिनमधली त्याची चुलत बहीण
तुम्हाला वॉर्डात रोज भेटते."
अंजायना, मागच्या बाकावरून कुणीतरी.
कुठं दुखतंय विचारलं
की म्हातारे बोट दाखवत नाहीत,
छातीवर मूठ ठेवतात.

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली
आणि मी घरचे शब्द चाचपत बसले.
जीव मुठीत. श्वास घशाशी.
आई शांतादुर्गेला घालते ते साकडं,
त्याच्या पोटात संकट,
आणि संकट, जुन्या कोशात पाहिलं,
आधी नुसतं अरुंद. अरिष्ट मागाहून.
म्हणजे कुणालाच भीतीला नाव देता आलं नव्हतं.
ती ज्या वाटेनं येते
त्या वाटेची रुंदी तेवढी सांगितली.

चोडणला बाबा मानशीवर होते.
ओहोटी लागलेली, दार उघडं,
खाजनातलं सगळं पाणी
त्या दोन हात फटीतून जाळ्यात शिरत होतं.
बॅटरी माझ्या हातात देऊन म्हणाले, काय शिकलीस?
मी पंजे समोरासमोर धरून दाखवले.
ते हसले. "अशीर आसल्यारच उदक धांवता गे."

मानस म्हणतात आमच्याकडे या दाराला.
मनाशी त्याचं नातं आहे की नाही
मी कोशात शोधलेलं नाही. शोधणारही नाही.
एवढं पाहिलंय लहानपणापासून,
की भरती आली की ते कुणी लावावं लागत नाही.
बाहेरच्या पाण्याच्याच रेट्यानं मिटतं,
आणि मग रात्रभर
फळीच्या सांधीतून थोडं थोडं झिरपत राहतं.

फेब्रुवारीत हानोव्हर. तिकीट आलंय.
बाबांना अजून तारीख सांगितलेली नाही.
जाळं ओढताना त्यांनीच विचारलं,
"तिथं नदी आहे?"
आहे.
"भरती येते?"
नाही. समुद्र लांब आहे.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग एक छोटा काळुंदर
जाळ्यातून सोडवून
परत पाण्यात टाकला.