जहाजाच्या पोटात

मुयनाकला आता समुद्र नाही,
वाळूत रुतलेली जहाजं आहेत.
पंधराव्या वर्षी, भावाशी भांडून,
मी एकाच्या पोटात उतरलो
तर गुडघाभर पाणी.

तिथे बीबीनाज, जिचे केस कधी वाळत नाहीत.
झाल्गास, श्वास रोखला की दिसेनासा होणारा
आणि हसू फुटलं की सापडणारा.
धाकटी मिठावर फुंकर घालायची,
मुठीतून मासा सुळकन निसटायचा.

“तुला काय येतं?”
काहीच येत नव्हतं. खिशातला नान मोडून वाटला.
झाल्गास बराच वेळ चावत राहिला,
म्हणाला, बाहेरचं आत आणणं
आमच्यात कुणालाच जमत नाही.

रात्री आईने माझे बूट उलटे केले. पाणी सांडलं.
तिने बोट बुडवून चाखलं,
बोलली काहीच नाही.

सकाळी पिशवीत चार नान होते.