बिनपडद्याची

त्र्याऐंशी साली स्टॅनिफोर्थने
पक्कडीने उपटले सगळे पडदे,
वीसच्या वीस, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
आणि खाचांत भरला भुसा नि सरस.
मॅविस सांगते, त्या रात्री रश्शातही भुसा होता.
मी काही बोलले नाही. त्याच आठवड्यात
त्याला फोर्जमधून घरी बसवलं होतं.

आता तो नाही, आणि बास गिटार माझ्याकडे.
मॅविसने पैसे घेतले नाहीत.
लिंबाचं लोणचं घेतलं,
चाखून भिंतीवरून परत दिलं.

तारा मात्र मेल्या आहेत.
जाड तार छेडली की
ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं.

हिल्सबरोच्या दुकानात नेव्हिल
तीन पाकिटं मांडतो, चष्मा कपाळावर.
या गोल गुंडाळीच्या. खणखणीत बोलतात, पण लाकूड खातात.
या चपट्या. हात फिरवून बघा, साटिन.
लाकडाला ओरखडा नाही,
पण गोधडीखालून बोलतात.
आणि या काळ्या, वर नायलॉन. त्या
ज्याला त्याला आवडत नाहीत, एवढंच तो म्हणतो.

मला काय हवंय ते याला कसं सांगू?
शेफील्डात बावीस वर्षं मी रक्ताच्या बाटल्यांवर
चिठ्ठ्या लावते, माझं इंग्रजी चिठ्ठीएवढं.
साताऱ्याला दातारबाई
तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवायच्या
किंचित, अजून किंचित,
आणि एका जागी तार
एकदम स्वतःविषयी बोलायला लागायची.
जवारी, मी म्हणते. नेव्हिल बघत राहतो.
मी हवेत दोरा सरकवून दाखवते.
मग तो ओठांचा चंबू करतो,
तान्ह्या बाळाचा पापा घ्यावा तसा:
म्वाऽऽऽ
हो, मी म्हणते. तेच.

गोल तारांत आहे ते, तो म्हणतो, भरपूर आहे, पण हे बघा.
बास उजेडाकडे तिरकी धरतो.
पट्टीवर बारीक चरे, आणि दुसऱ्या तारेखाली
सहाण झिजावी तसा एक खळगा,
जिथे सूर असायला हवा
त्याच्या केसभर अलीकडे.
म्हणजे चाळीस वर्षं हा माणूस
एकाच सुरात न चुकता उतरत होता
आणि बँडमधलं कुणी बोललं नाही.
घासून सपाट करून देतो, नेव्हिल म्हणतो. साठ पौंड.
नको.
काय नको? पाकिटं की घासणं?
माझी तारांबळ त्याला दिसते.
मी काहीच न घेता ट्राममध्ये बसते.

घरी वरणाच्या पातेल्यात
जुन्या चारही तारा उकळते, चमचाभर व्हिनेगर घालून.
हे कुणीतरी सांगितलं होतं, खोटं वाटलं होतं.
पाण्यावर राखाडी तवंग येतो.
त्याच्या बोटांचा मळ. सिगारेट, तेल, फोर्ज, काय काय.
हे पाणी कुठे ओतायचं?
मोरीत नको वाटतं. रुबार्बला घालते.

पुसून चढवल्यावर तारा जाग्या होतात,
तीनेक दिवसांसाठी.
बोट आपोआप खळग्यात जाऊन बसतं,
तिथे सूर खालीच आहे, मी वर सरकते,
केसभर,
आणि त्या केसभर वाटेत
दातारबाईंचा दोरा.

चौथ्या दिवशी पुन्हा ओलं पोतं.
मॅविस कुंपणाशी कपडे वाळत घालतेय,
चिमटे तोंडात.
आता कोणत्या लावणार आहेस?
तुम्हीच सांगा, भिंत तुमचीही आहे.
चिमटा काढून ती म्हणते,
ज्या मला ऐकू येणार नाहीत त्या.

एक उशीचा अभ्रा. दुसरा.

अगदीच येऊ नयेत असं नाही म्हणा.