सुक्या फडक्यानं पुसू नये

पावणेएकला, मी जेवायला उठणार तेवढ्यात
दोमितिला वारकाया यांनी माझ्या टेबलावर
एकेक करून बरण्या मांडल्या.
एकोणीस. ऑलिव्हच्या, जॅमच्या,
एक खोकल्याच्या औषधाची.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख,
तारखेखाली बारीक अक्षरात: काउंटर. खिडकी. उशी.
एकीवर: साखरेच्या डब्यात.

लिमात पाऊस पडत नाही.
हिवाळ्यात गारुआ येते, धुक्याहून जड, सरीहून हलकी,
ती धूळ धूत नाही, तिचा लेप करते
पत्र्यांवर, टॅक्सींवर, फिकसच्या पानांवर,
आणि तो उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो.
म्हणून धुळीची तक्रार आली
की आम्ही नमुना क्रमांक अकरा देतो.
तीन प्रती. शिक्का. पंधरा दिवसांनी या.
तोंडाला पानंच पुसतो आम्ही,
फक्त पानांवर अनुक्रमांक असतो.

"ही त्या अठरा मजल्यांचीच कशावरून?"
मी विचारलं. हा प्रश्न आम्हाला शिकवलेला असतो.
समुद्राचा वारा आहे, बसगाड्या आहेत,
उघड्याबोडक्या टेकड्या आहेत.
धुळीला आडनाव नसतं, बाई.

ती चिडली नाही.
म्हणाली, "चष्मा काढा."

कोपऱ्यावर तिचं चष्म्यांचं दुकान आहे.
अर्जात ते होतं. मी अर्ज वाचला नव्हता.

काच उजेडाकडे धरून ती बघत राहिली.
"हा चरा कधीचा?"
मला आठवेना.
"शर्टाच्या टोकानं पुसता तुम्ही. सुकं.
त्यानं धूळ जात नाही, काच जाते.
आधी ओलं करायचं, मग पुसायचं.
माझ्याकडे कामाला लागलेल्या पोरीला
पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवते."
पिशवीतून बाटली काढली. दोन थेंब.

चष्म्याशिवाय मला ती दिसत नव्हती,
नुसता आवाज येत होता.
सकाळी सातला ते सुके झाडू मारतात.
फरशी कापतात, सुकी.
वाळूचे ट्रक येतात, ताडपत्री नाही.
हिरवी जाळी आहे, गुंडाळून वर बांधलेली,
तुमचा माणूस येणार असला की खाली सोडतात.
नळ आहे. पाईप आहे.
पाईप धरायला पोरगाही ठेवलाय, एफ्राईन,
हुआंकावेलिकाचा, अठराचा असेल नसेल.
त्याला सांगितलंय, पाणी जपून.
माझ्याकडून गॉगल नेला त्यानं, उधारीवर,
आठवड्यात परत आणला, काचा आंधळ्या.

"ती औषधाची बाटली त्याची," ती म्हणाली.
"आतली धूळ त्याच्या टोपीतली."

मी चष्मा घातला.
चरा तसाच होता. बाकी सगळं
नको तितकं स्पष्ट दिसत होतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही.
फाईल वर पाठवली. वर ती धूळ खात पडली,
मी दोनदा जाऊन झटकली, तिसऱ्यांदा ओरडा खाल्ला.
मग एका बुधवारी जाळी खाली आली,
फाटकापाशी खड्डा खणून त्यात पाणी भरलं,
ट्रकची चाकं त्यातून बाहेर पडायला लागली.
एफ्राईन रस्ता भिजवत होता, तोंडाला मास्क,
मला ओळखत नव्हता, तरी
माझ्या बुटांना वाचवून पाईप वळवला त्यानं.
मला वाटलं, झालं.
सोमवारी जाळी पुन्हा वर होती.

विसावी बरणी तिनं टपालानं पाठवली.
तळाला बोटभर, पूर्वी निम्मी भरायची.
"कमी आहे," एवढंच लिहिलं होतं.
हे आभार होते की तक्रार,
कुठल्या रकान्यात घालायचं मला कळलं नाही.

बरण्या अजून माझ्या खिडकीत आहेत.
साहेब विचारतात, हे काय लोणचं?
त्यांच्या झाकणांवर आता बाहेरूनही थर बसलाय.
शिपाई फडकं घेऊन आला, तर मी म्हटलं, थांब,
आधी पाणी आण.