वर लटकतं ते

गिरमिट मातीत फिरवताना आधी
ढेकळाचा आवाज येतो, मग मुळांचा,
मग काहीच नाही.
तीस सेंटिमीटर.
पिशवीवर मी क्रमांक घालतो, तारीख, वाडीचं नाव,
आणि सिल्वानीज मागं उभी राहून विचारते,
"दुखतं का रे तिला?"

मार्टिनिकच्या उत्तरेला, पेले डोंगराच्या उतारावर
तिची परसबाग. एक बोकड, अकरा कोंबड्या,
आणि कोनफळांचे वाफे इतके नीट
की प्रार्थनेला उभी केलेली पोरं वाटावीत.
पूर्वी इथं केळी होती. मालकाची.

"सोंडकिडा बुंध्यात शिरायचा," ती सांगते,
"म्हणून पूड टाकायची.
दर झाडाला दुधाच्या डब्याचं झाकणभर.
वाऱ्यावर पिठासारखी उडायची मेली.
दुपारी त्याच हातांनी पाव मोडायचा.
आम्ही तिला पूडच म्हणायचो.
क्लोरडेकोन हे नाव रेडिओवर कळलं,
तोवर बंदी येऊन जुनी झाली होती."

किडा मेला का, हे तिला आठवत नाही.

मी समजावतो. त्याचाच पगार मिळतो मला.
हे पाण्यात नीट विरघळत नाही,
मातीला धरून बसतं, घरजावयासारखं.
पावसाबरोबर थोडं थोडं नदीत उतरतं,
नदीतून झिंग्यात, खाडीच्या तोंडाशी शेवंडांत.
म्हणून तर ओनेझिमची होडी
वाळूत पालथी पडलीय,
तिच्याखाली खेकडे राहतात.
त्यांना आता कुणी पकडत नाही.
मजेत आहेत म्हणे.

"किती वर्षं राहील?"
मी आकडा सांगतो. तीन अंकी.
ती बोटांवर मोजू लागते,
नातू, पणतू, खापरपणतू,
आणि करंगळीशी थांबते,
पुढच्या नात्याला नावच नाही म्हणून.

केळं मात्र स्वच्छ असतं.
हे सांगताना दर वेळी माझी जीभ अडखळते.
विष घडापर्यंत चढत नाही.
घड निळ्या पिशव्यांत वाढले, बोटीत चढले,
दूर थंडीतल्या कुठल्याशा पोरानं सोलून खाल्ले,
त्याला काही झालं नाही. होऊही नये.
खालचं खाली राहिलं,
कोनफळात, रताळ्यात, अळकुड्यांत,
माती उकरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात.

"म्हणजे वर लटकतं ते खायचं,
पुरलेलं नाही."
हो.
"आम्ही तर पुरलेलंच खात आलो, पोरा.
वरचं कायम दुसऱ्याचं होतं."

मग ती ताटली आणते.
उकडलेलं कोनफळ, खारवलेला मासा, वर मिरची.
माझ्या पिशव्या अंगणात ओळीनं, सीलबंद,
निकालाला सहा आठवडे.
नियमानं म्हणायचं असतं, पोट भरलंय.
वाफ थेट चष्म्यावर आली.
मी खाल्लं.
दुसऱ्यांदाही घेतलं.

सहा आठवड्यांनी कागद नेला.
तिनं आकडा पाहिला नाही, माझ्याकडे पाहिलं,
आणि कागदाची चार पदरी घडी करून
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.
"बस. आता बशी सांडणार नाही."

मी नीरफणसाचं रोप नेलं होतं.
पाच वर्षांत फळ धरेल, म्हटलं.
एकोणऐंशीची बाई खड्डा खणायला बसली,
सवयीनं मूठभर माती नाकाशी नेली,
सवयीनंच नाक पुसलं.
"हातमोजे काढ आणि धर सरळ."
धरलं.

रोप लागल्यावर तिनं वर पाहिलं,
जिथं अजून एकही फांदी नव्हती,
तिथून नजर हळूहळू खाली आणली, जमिनीपर्यंत.
"आणि पिकून पडलं तर?"

माझ्या फाइलीत त्याचा रकाना नव्हता.