करंगळीला जागा

बझारगेटला, छत्री दुरुस्तीवाल्याच्या वरच्या माळ्यावर
नौशीरजींचं दुकान.
काचेखाली हिरवी बनात, बनातीवर तीन नग,
बोंबलांसारखे एकाच दिशेला तोंडं करून.

"लपवायचंय की दाखवायचंय?"
पहिला प्रश्न हाच. परवाना नंतर, पैसे त्याहून नंतर.

दाखवायचंय, मी म्हटलं.
शेठच्या मागे दोन पावलं, जिन्यात, लिफ्टमध्ये,
ऑपेरा हाऊसच्या त्या फुटपाथवर, जिथे कुणाच्याही खिशातल्या
कागदी पुडीत एखादा फ्लॅट घडी घालून ठेवलेला असतो.
पट्ट्याला. सदऱ्याच्या बाहेर.
लोकांनी आधी ते बघावं, मग मला,
मला नाही बघितलं तरी चालेल.

"मग हे धाकटं कशाला कुरवाळतोस?"

धाकटं देखणं होतं. तळव्यात बसलं,
पण करंगळी खाली लोंबत राहिली,
वर्गात मास्तरांना दाखवायचो तशी.
नौशीरजी हसले. दात नवे होते.
"दीकरा, तीन बोटांनी माणूस शेव खातो.
वजन शेवटच्या बोटावर येते.
तुमच्या कृष्णाने डोंगर कशावर उचललेला?"

दुसरं रिव्हॉल्वर. सहा घरं, जुनं वळण,
रुसून न बसणारं. पण पोट कुशीतून बाहेर येतं,
आणि मला रोज विक्रोळीहून बस पकडायची असते.

तिसरं पूर्ण मापाचं. बत्तीस बोअर, सरकारी कारखान्याचं.
दोनदा रिकामं करून दाखवलं, मग हातात दिलं.
तोंड भिंतीकडे धर म्हणाले.
भिंतीवर जरथुष्ट्राची तसबीर होती.
मी जरा डावीकडे सरकलो.

करंगळीला जागा मिळाली.
सतरा वर्षं फौजेत जे जे हाताळलं ते सरकारजमा झालं,
हे माझ्या फंडातून.

इंदुमतीनं ते चकलीच्या काट्यावर ठेवलं.
दिवाळीत ऑर्डरी घेते ती, अर्ध्या ग्रॅमचा हिशेब ठेवते.
पट्टा, कव्हर, सगळं धरून सव्वा किलो.
"एवढी भाजणी कमरेला बांधून फिरणार दिवसभर?"
म्हणाली, आणि पँटच्या उजव्या लुपांना
दुहेरी शिवण घालायला बसली.

त्याला आता पाच वर्षं झाली.
बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते.
उडप्याकडे माझा चहा आधी येतो, पैसे मागताना पोऱ्या चाचरतो.
लिफ्टमध्ये एकदा एका पोरानं विचारलं, "खरं आहे?"
आईनं त्याला मागे ओढलं,
माझ्याकडे पाहून हसलीसुद्धा, दार उघडेपर्यंत.
गोळी एकही नाही. सरावाच्या मोजायच्या नाहीत.
हाडांचे डॉक्टर म्हणाले, उजवा खांदा बोटभर खाली आलाय,
काय उचलता?
मी म्हटलं, काही नाही. उभा असतो.

मग आचारसंहिता लागली.
ठाण्यात रांग, माझ्यापुढे एक बिल्डर, एक निवृत्त जज्ज,
एक म्हातारा बापाची दुनळी चादरीत गुंडाळून.
नंबर लिहून घेतला, पावती दिली.
मतमोजणी झाल्यावर या.

शेठ म्हणाले, "कव्हर राहू दे. बटण लावून ठेव."

रिकामं कव्हर दुपारपर्यंत आत खचतं,
दात काढल्यावर गाल बसतो तसं.
म्हणून त्यात चष्म्याचं घर घातलं. हलतं थोडं,
करंगळीनं दाबून धरावं लागतं.

आणि आज तेच पोर, हातभर उंच झालेलं, एकटंच.
कव्हरकडे बघत, हळूच,
"खरं आहे?"

"हो."

सातवा मजला आला. आधी शेठ उतरले.
मी दोन पावलं मागे,
उजवा खांदा बोटभर खाली.